तात्यांना राखणीला बसवलं तेव्हा

चहा येईपर्यंत सांगतो, बसा. शिकलेला माणूस शहाणा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घ्यावं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आयटी पार्कात नोकरी लागली, आणि तरी एका सायकलीने माझी अशी शोभा केली की अजून माणमध्ये तोंड लपवून फिरावं लागतं.

दोन हजार सातची गोष्ट. मी मूळचा अकोल्याचा. पुण्याजवळच्या माण गावात तात्यांच्या चाळीत भाड्याने राहत होतो. तात्यांची बरीचशी शेती आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी सहा खोल्या बांधल्या. त्याआधी तीस वर्षं ते सायकलीवरून पुण्याला दूध घालायचे. हे मला माहीत होतं बरं का. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

तर मला खडीच्या रस्त्यांवर चालेल अशी सायकल हवी होती. मुळशीत तेव्हा डांबर कमी आणि खडीच जास्त. तशी तयार सायकल दुकानात मिळत नव्हती. म्हणून मी इंटरनेटवर परदेशातल्या लोकांचं वाचून ती स्वतः जोडायला घेतली. जुन्या बाजारातून लोखंडी सांगाडा आणला, त्याला शर्यतीच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल बसवलं, जाड टायर घातले, गिअर लावले. चार महिने लागले. शेवटचा नट आवळला तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, "स्कूटर का नाही घेत?"

ऑफिसात मी इतकी फुशारकी मारली की आठ जण म्हणाले, येत्या रविवारी आम्हाला घेऊन चल. घोटवड्यावरून उरवडे, पुढे धरणापर्यंत. वाटाड्या मी. म्हणजे आता माझं नाक आणि ती सायकल, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले.

टायरवर बाजूला जास्तीत जास्त किती दाबाची हवा चालेल, तो आकडा लिहिलेला असतो. माझ्या टायरवर होता पासष्ट. आता तुम्हीच सांगा, आपल्यासारख्या माणसाला कुठे पासष्ट लिहिलेलं दिसलं तर तो काय करेल? पासष्टपैकी पासष्ट मिळवेल. मी हवेचा दाब दाखवणारा काटेवाला पंप आणला आणि रोज संध्याकाळी घाम गाळून बरोब्बर पासष्ट भरायला लागलो.

आणि रोज सकाळी टायर मऊ.

ट्यूब काढून बादलीत बुडवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. ट्यूब बदलली. तरी सकाळी मऊच. म्हणजे पंक्चर नाही, कोणीतरी हवा सोडतंय. संशय गेला शेजारच्या खोलीतल्या सोनवणेवर. माझ्या सायकलीचं पॅडल त्याच्या चपलांच्या रॅकला लागायचं. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. मग भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'सायकलीला हात लावू नये. लावणाऱ्याची गय केली जाणार नाही.'

तात्या काठी टेकत आले. "काय लिवलंय? चष्मा घरात ऱ्हायला."

मी गंभीर आवाजात वाचून दाखवलं.

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "काय काय लोकास्नी उगा हात लावायची लई खोड असती. काय चोरीला गेलं का?"

आता हवा चोरीला गेली असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "जातंय थोडंथोडं. रोज."

"तुमी बिनघोर ऱ्हावा. मी बसतो हितं राखणीला. पहाटं चारला उठतोच मी."

मला भरून आलं. सख्खा मामा असं करणार नाही. तात्या खरंच दुसऱ्या दिवसापासून पहाटे ओट्यावर, सायकलीला खेटून बसले. आणि टायर आणखी मऊ झाले! आधी एक पुढचा व्हायचा, आता दोन्ही. मला सोनवणेची कमाल वाटली. एवढा पहारा असताना हा माणूस काम उरकतो तरी कसा?

शनिवारी मी हद्द केली. दोन्ही टायर पासष्टपैकी पासष्ट केले, सायकल उचलून खोलीत आणली आणि आतून कडी लावली.

रविवारी सकाळी टायर दगडासारखे. मी मनातल्या मनात सोनवणेला हसलो. घोटवड्यापर्यंत मी राजासारखा पुढे होतो. मग खडी लागली, आणि सायकल सुपातल्या ज्वारीसारखी उडायला लागली. दात वाजायला लागले. चेन पडली. बाटली पडली. मागून एक जण माझ्या वस्तू गोळा करत येत होता. उरवड्याच्या उतारावर पुढचं चाक एका दगडावरून उसळलं, दुसऱ्यावर आपटलं, आणि मी रस्त्याकडेच्या करवंदीत. चाकाचा पापड झाला होता. आठही जण हळहळले, फोटो काढले आणि वाटाड्याशिवाय धरणाकडे गेले. मी एका टेम्पोत बसून परत आलो.

तात्या ओट्यावरच होते. वाकडं चाक पाहिलं, टायर अंगठ्याने दाबला आणि कपाळाला हात लावला.

"काल सायकल आत ठिवली व्हती न्हवं? तरीच! मला हात लावाया मिळाला न्हाई."

"कशाला हात लावायला?"

"हवा कमी कराया. रोज करतोय की मी. येवढी कडक हवा भरून खडीवर कोण जातं? माज्या किटल्या असत्या तर पुण्यापतूर दुधाचं लोणी झालं असतं. टायर अंगठ्यानं जरा दबला पायजे, मंग तो खडा गिळतो. तुमी दमून झोपलेले असायचे, म्हणलं कशाला उठवायचं."

तात्यांनी मान वर केली. "बरं, त्ये ऱ्हाऊ द्या. चोरीला काय जात व्हतं त्ये सांगा. इतके दिवस बसलो, पर चोर काय घावला न्हाई."

मी सांगितलं. तात्या तंबाखू चोळायचे थांबले. मग इतके हसले की सोनवणे खोलीतून बाहेर आला. मी तिथेच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बोलत नव्हतास होय? मला वाटलं तुला प्रमोशन मिळालं."

मग तात्यांनी काय केलं ऐका. सायकल उलटी केली, चाक फिरवलं, आणि डोळे मिटून एकेक तार बोटाने छेडत गेले. आवाज ढिला आला की चावीचा पाव फेरा. ना काटा, ना आकडा. तासाभरात ते चाक असं फिरायला लागलं की मी बघतच राहिलो. चार महिने मी सायकल जोडत होतो, पण खडीवर चालायला तिला तात्यांनी शिकवलं. पुढच्या रविवारी मी धरणापर्यंत गेलो आणि आलो, काही म्हणता काही पडलं नाही. असा हात मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही, खोटं कशाला बोलू.

चाक सरळ झालं त्याच संध्याकाळी लाजेने मी भिंतीवरचा कागद काढायला गेलो, तर तात्यांनी काठी आडवी घातली. माझा काटेवाला पंप त्यांनी केव्हाच आपल्या घरात नेऊन ठेवला होता.

"कागद ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कामाचा हाय."

त्यानंतर मी दोन वर्षं तिथे राहिलो. सायकलीत हवा तात्याच भरायचे. कधी मी नुसता टायरकडे वाकलो, तरी ओट्यावरून आवाज यायचा, "सायेब, भितीवर काय लिवलंय त्ये जरा मोठ्यानं वाचा. माजा चष्मा घरात हाय."