आवाजापुरती नोकरी

राज्यांची फेररचना झाली आणि वडिलांच्या कचेरीबरोबर आम्ही नागपूरहून भोपाळला आलो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून शहराबाहेरच्या नव्या कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजवर लागले. खोलीला खिडकी नव्हती. त्या खोलीतून बाहेर पडायचं, एवढंच मला हवं होतं.

परदेशातून आलेले एक मोठे साहेब रोज माझ्याकडून ट्रंक कॉल लावून घेत. एकदा म्हणाले, "तुमचं इंग्रजी ऐकून घरी असल्यासारखं वाटतं. माझ्या सेक्रेटरीची जागा रिकामी आहे. उद्या वर या."

शेजारच्या बोर्डवरचे वयस्क ऑपरेटर म्हणाले, "जाइए मेमसाब. ऊपर जाकर हमें भूल मत जाना."

आईची चंदेरी नेसून गेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दाराकडे, आणखी कोणी येतंय का म्हणून. फोनवरची मीच, असं मी सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, भोपाळच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं. जागेचा विषय निघालाच नाही. त्यानंतर फोनवर ते फक्त नंबर सांगत.

ती जागा रेल्वे कॉलनीतल्या, फ्रॉक घालणाऱ्या एका गोऱ्या अँग्लो-इंडियन मुलीला मिळाली. मुलगी चांगली होती. पत्राचा मसुदा अडला की मला फोनवर विचारी. साहेबांच्या क्लबात तिलाही घेत नसत, हे तिनेच हसत सांगितलं.

साहेब परके, म्हणून असे वागले, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग प्लॅनिंग विभागात बदली मागायचं ठरवलं. तिथले प्रमुख मराठी, वडिलांचे स्नेही. गणपतीत आमच्याकडे आरतीला आले तेव्हा कसंबसं विचारलं.

"अगं पोरी, तिथे सगळे पुरुष. तुझ्यासाठी वेगळं बाथरूम कुठून आणू? आणि वर्षभरात लग्न करून जाशील."

"अजून काही ठरलं नाहीये, काका."

"मग आधी ते बघा की," ते वडिलांना म्हणाले. वडील हसले. आईने काकांना आणखी एक मोदक वाढला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्डवर काकांचाच फोन आला.

"फोनवर काय झकास बोलतेस गं. जरा दिल्ली लावून दे."

मी दिल्ली लावून दिली.