उठल्या, पण परत बसल्या

माझ्या वहिनीचे हात शिवशिवतात. हा तिचा जुनाच रोग आहे. समोर कुणी डबा उघडायला बसलं की ती तो ओढून घेऊन उघडून देणार. दादा शर्टाचं वरचं बटण लावत असला की ही खालून सुरुवात करणार. "लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून एक शर्ट मी एकट्यानं घातलेला नाही," असं दादा येईल त्या पाहुण्याला सांगतो.

आम्ही दोघी नणंद-भावजय एकाच शाळेत नोकरीला. ती कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, मी ऑफिसात, खिडकीपाशी. दाखले, फोन, पत्रं, ईमेल आणि पालकांचा आरडाओरडा, सगळं माझ्याकडे. माझा राग नाकावर असतो असं शाळेत म्हणतात. त्या खिडकीत एक दिवस बसून दाखवा म्हणावं, मग बोला.

तर दरवर्षी शाळांसाठी व्हिडिओ बनवायची स्पर्धा असते. सहावी ते आठवीचा छोटा गट, नववीपासून पुढे मोठा. चार मिनिटांची फिल्म करायची. नियम पानभर आहेत, पण खरा नियम एकच: सगळं मुलांनीच करायचं, मोठ्या माणसाचा हात लागला की प्रवेशिका बाद. आणि या स्पर्धेची जबाबदारी आमच्या मुख्याध्यापकांनी दिली कुणाला, तर वहिनीला! मी तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

व्हायचं तेच झालं. गेल्या वर्षी सातवीच्या तिघींनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यावर फिल्म केली. छान केली हो. पण परीक्षकांचा ईमेल आला तो फोटोसकट. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेत एक कोपर दिसत होतं, पिवळ्या बाहीचं. पोरीचा हात दुखत होता म्हणून वहिनीनं दिवा धरला होता, मिनिटभर. प्रवेशिका बाद. त्या तिघी माझ्या खिडकीसमोर रडल्या आणि मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी त्यांनाच ओरडले. वहिनीनं घरी येऊन तो पिवळा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी घातला आणि न जेवता झोपली.

यंदा त्याच तिघी आठवीत. एक चष्मेवाली, तीच दिग्दर्शक. एक लंबू, तिच्याकडे कॅमेरा. एक चिमणी, तिच्याकडे आवाज. आणि डोक्यावर टांगती तलवार: लागोपाठ दुसऱ्यांदा बाद झालं की शाळेला पुढची तीन वर्षं भाग घेता येत नाही. म्हणजे या पोरींचं सगळंच आटोपलं असतं. चष्मेवालीला तर दुसरं काही सुचतच नाही. तिची वही बघा, गणिताच्या पानावरसुद्धा कॅमेरा कुठे ठेवायचा त्याची चित्रं.

वहिनीनं स्वतःला शिक्षा ठरवून घेतली. लॅबमधलं उंच स्टूल घ्यायचं, कोपऱ्यात बसायचं आणि दोन्ही हातांत विणकाम धरायचं. दादासाठी राखाडी स्वेटर सुरू केला. पोरींनी काही विचारलं की एकच उत्तर: "मला विचारू नका." लंबूनं विचारलं, बाई, उजेड कमी वाटतोय का? मला विचारू नका. चिमणीनं विचारलं, बाई, पाणी पिऊन येऊ का? मला विचारू नका!

यंदाचा विषय चष्मेवालीनं शोधला: जिन्याखालचं हरवलेल्या वस्तूंचं कपाट. त्यात एकेकटे मोजे, छत्र्या, डबे, एक बासरी, एक दातांची तारसुद्धा. आणि प्रत्येक वस्तूची गोष्ट माहीत असलेला माणूस एकच, आमचा पहारेकरी. बोलायला बसला की थांबायचा नाही. चित्रीकरण ठरलं त्याच दिवशी त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळच्या गाडीनं तो मुलाकडे जायचा होता, कायमचा. पोरींनी त्याला कपाटासमोर बसवलं, सदऱ्याला कॅमेऱ्याचा छोटा माईक लावला आणि तो तासभर बोलला. काय बोलला! मी स्वतः खिडकी बंद करून दहा मिनिटं ऐकून आले होते.

माईक बंद होता.

त्याच्यावरचा बारीक लाल दिवा चिमणीनं लावलाच नव्हता. हे कळलं दुसऱ्या दिवशी, पहारेकरी गेल्यावर. त्याला फोन लावला, पण फोनवर तो नुसता "हो, हो" म्हणायचा. कपाटासमोर बसल्याशिवाय त्याला काही आठवेना. चिमणी रडून रडून लाल झाली. आणि मग चष्मेवालीनं वहिनीकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही समोरच होतात. तुम्हाला दिसलं होतं?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. "दिसलं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती पोरगी वहिनीशी कामापुरतंसुद्धा बोलेना. मीही वहिनीला फैलावर घेतलं. "अगं, तोंड उघडायला काय झालं होतं? एक शब्द!" ती म्हणाली, "वन्सं, एका शब्दानंतर दुसरा येतो, मग हात येतो. मी मला ओळखते." चिडली की ती मला वन्सं म्हणते.

पण पोरी पक्क्या निघाल्या. त्यांनी पहारेकऱ्याचं बोलणं सोडूनच दिलं. चित्रात नुसते त्याचे हात ठेवले, एकेक वस्तू उचलणारे, पुसणारे. आणि आवाज घेतले ते ज्यांच्या वस्तू हरवल्या त्या मुलांचे. ते शोधायला तीन आठवडे वर्गावर्गात हिंडल्या. मी फिल्म पाहिली आणि टेबलाखाली वाकून पेन शोधायचं नाटक केलं, डोळे पुसायला.

फिल्म इतकी चांगली झाली, तिथेच घोडं अडलं. सोमवारी ईमेल आला. काम फार सफाईदार आहे, मोठ्यांची मदत झाल्याची शंका येते. सगळं मूळ चित्रीकरण, काहीही न कापता, शुक्रवारी चारपर्यंत पाठवावं. सोबत एक फॉर्म.

मी तो कागद घेऊन लॅबमध्ये गेले. वहिनीनं वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "कपाटाला काचा आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"अगं, काचा! मी समोरच बसले होते. आणि त्या माईकच्या दिवशी मी उठले होते, मला आठवतंय. हात पुढे गेला होता. लागला की नाही, देवाशपथ आठवत नाही."

पुन्हा काच, पुन्हा हीच बाई! ओरडायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून मिटलं.

गुरुवारी दुपारी आम्ही पाचजणी लॅबमध्ये बसलो. पडदे ओढले. आवाज नव्हताच, त्या दिवशीच्या चित्रीकरणाला कुठला आवाज! पडद्यावर पहारेकरी तोंड हलवत होता, हातात निळा मोजा. आणि त्याच्या खांद्यामागच्या काचेत, धूसर पण स्पष्ट, स्टुलावर वहिनी.

ती विणत होती. मग तिची नजर माईकवर गेली. सुया थांबल्या. ती उठली, हात लांब केला, पुढे एक पाऊल टाकलं. चिमणीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. काचेतली वहिनी तशीच उभी राहिली. मग मागे सरकली आणि परत बसली. ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. पुन्हा उठली. पुन्हा बसली. असं चार वेळा झालं. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, विणकाम जमिनीवर पडलं, लोकरीचा गुंडा घरंगळत चित्राबाहेर गेला, आणि ही बया डोळे गच्च मिटून बसून राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं.

हात कुठेही लागला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. "सुटलो गं बाई!" असं मी मोठ्यानं म्हणाले. वहिनी जमिनीकडे बघत होती. चष्मेवाली चष्मा काढून शर्टाला पुसत होती, कितीतरी वेळ.

मग तिनं माझ्या हातातला फॉर्म घेतला. त्यात एक चौकट होती: मोठ्या व्यक्तीचा सहभाग असल्यास नेमका लिहावा. मी म्हणाले, "'काही नाही' लिही आणि मोकळी हो." तिनं ऐकलं नाही. लिहिलं आणि वहिनीला न दाखवता मला परत दिलं. शुक्रवारी पावणेचारला सगळं पाठवलं तेव्हा मी ते वाचलं: "आमच्या बाई चार वेळा उठल्या, पण परत बसल्या."

पुढच्या बुधवारी उत्तर आलं. प्रवेशिका पात्र, शंका मागे घेतली आहे. मी खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि धावत जिना चढले, या वयात! वहिनीनं कागद वाचला, टेबलावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. पोरी नाचत होत्या. चष्मेवाली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी आम्ही मोठ्या गटात. तुम्ही स्टुलावर बसाल ना?" वहिनीनं मान हलवली. मग तिनं हात पुढे केला आणि पोरीच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून दिलं.

बक्षीस? तिसरं आलं. तो प्रश्न सगळे विचारतात म्हणून सांगितलं.

राखाडी स्वेटर पूर्ण झाला. एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब आहे, कारण ती विणताना वहिनीनं विणकामाकडे बघितलंच नव्हतं, डोळे सगळे पोरींवर. मी म्हटलं, उसव आणि नीट कर. दादानं तो माझ्या हातातून काढून घेतला, एकट्यानं अंगात घातला, लांब बाही दुमडली आणि तसाच कामावर गेला.