मागच्या शेडातली थप्पी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि माझी बहीण अशी आहे की तिच्यापासून साधी डोकेदुखीसुद्धा लपवता येत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही आणि मध्येच थांबवून ‘जाऊ दे गं’ म्हणणार नाही, एवढंच कारण असावं.

मी सुषमा. वाशिमला माझं छोटं ऑफिस आहे, बाहेर ‘चार्टर्ड अकाउंटंट’ अशी पाटी आहे. मूळ गाव किन्हीराजा. बाबा अजूनही पारावर ‘पोरगी सीए झाली’ एवढंच सांगतात, आणि कुणी ‘म्हणजे नेमकं काय करते’ असं विचारलं की सोयाबीनच्या भावावर येतात. मी झाले ती एकटीच्या जोरावर मुळीच झाले नाही. सकाळच्या एसटीत माझ्यासाठी जागा धरणारी शिक्षिका, दुपारी जेवल्याशिवाय उठू न देणाऱ्या सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि ज्यांच्याकडे मी काम शिकले ते सर. किती जणांची नावं घेऊ? हे सगळे आठवले की मन भरून येतं. अगदी खरं सांगते.

आणि विनोद.

पाहिलंत? त्याचं नाव शेवटी आलं. नेहमी असंच होतं. खरं म्हणजे ते आधी यायला हवं.

सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. एखाद्या सीएच्या हाताखाली काही वर्षं काम शिकावं लागतं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. ती ठरल्याप्रमाणे झाली नाही तर शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. कारंज्याच्या सरांकडे आम्ही दोघं होतो, मी आणि विनोद. तो मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. कारंज्यात तो एका खोलीत राहायचा, स्वतः स्वयंपाक करायचा आणि ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचायचा. मी एसटीच्या भरवशावर. उशिरा आले की त्यानं माझ्या टेबलावरचं काम आधीच अर्धं करून ठेवलेलं असायचं, आणि वर काही बोलायचा नाही.

ऑडिटचा विषय मला मुळीच जमत नव्हता. आकडे जमायचे, पण व्यावसायिक नीतिमत्ता म्हणून जो भाग असतो — ऑडिटरनं काय करावं, काय करू नये, कशावर सही करावी — तो वाचला की मला झोप यायची. विनोदनं तो मला शिकवला. पुस्तकातलं वाक्य तो एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि उसाच्या फडावर यायचा. लहानपणी गाडीचं वजन होताना तो काट्यापाशी उभा राहायचा म्हणे, बाप पाठवायचा. “काट्यावाल्यानं पाह्यलं नाही अन् लिवलं, तं आमचा दिवस गेला,” तो म्हणायचा. “ऑडिटरचं तसंच हाय, सुषमा. पाह्यल्याबगर सही नाही. बाकी सगळं पुस्तक त्याच्यातूनच निंगते.” मला वाटतं, या धंद्यातलं मला जे काही येतं ते तिथूनच आलं. बाकीचं नंतर वाचलं.

आता तरी मुद्द्यावर येते का? येते.

बँकेनं सरांना एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामाची तपासणी दिली होती. सोयाबीनच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, कर्ज दिलेलं, तेव्हा कट्टे खरोखर आहेत का ते पाहायचं. गोदामाला दोन शेडं होती, एक रस्त्याकडचं आणि एक मागचं. कट्टे एकावर एक रचून मोठमोठ्या थप्प्या लावलेल्या असतात. खालून लांबी, रुंदी आणि उंची मोजून हिशेब निघतो, पण थप्पी बाहेरून भरीव दिसली तरी पोटातून पोकळ ठेवता येते. म्हणून वर चढायचं, मध्ये पाहायचं. हे पुस्तकात एवढं सरळ लिहिलेलं नाही. हे विनोदनं सांगितलं होतं.

पुढचं शेड त्यानं घेतलं, मागचं मी. जाता जाता तो म्हणाला, “खालूनच मोजून नोको येऊ. वरतं चढून पाह्य.”

त्या दिवशी दुपारी मला पाहायला पाहुणे येणार होते. आईनं सकाळी बजावलं होतं की ऑफिसातून सरळ घरी ये आणि तोंड नीट ठेव. म्हणून मी नवा ड्रेस घालून आले होते, फिक्या गुलाबी रंगाचा. गोदामात धूळ एवढी की नुसतं उभं राहिलं तरी केस पांढरे होतात. मी थप्पीकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, “मॅडम, कायले तरास घेता? भरेलच हाय.” मी खालून मोजलं. बाहेर येऊन विनोदला म्हटलं, हो, पाहिलं वरून.

हसू येईल तुम्हाला — मलाही येतं, आणि मग येत नाही. त्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले, ड्रेसचं कौतुक केलं आणि पुढे कळवलं की पत्रिका जमत नाही.

काही आठवड्यांनी बँकेचा नवा साहेब स्वतः गोदामात गेला आणि वर चढला. मागच्या शेडातली थप्पी मध्ये विहिरीसारखी होती. व्यापाऱ्यानं माल कधीच विकून टाकला होता. सरांना बँकेत बोलावलं. परत आले तेव्हा त्यांनी शर्टाची बाहीसुद्धा पुसली नाही, चहा लागून डाग पडला होता तो तसाच. काम गेलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

“मागची थप्पी कोनं पाह्यली?”

मी म्हटलं, “विनोदनं.”

विनोदनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — काही ऐकू न आल्यावर माणूस पाहतो तसं. मग सरांना म्हणाला, “सर, म्या मागच्या शेडात पायच नाही ठेवला.”

“मंग ते खोटं बोलून राह्यली का?”

खरं सांगायला मला तेव्हा वेळ भरपूर होता, हे तुम्ही लक्षात ठेवा. सर दाराबाहेर जाऊन उभे राहिले, काकूंनी पाणी आणलं, कुणीतरी गिऱ्हाईक येऊन बसलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

सरांनी त्याच्यावर कुठे तक्रार केली नाही. बदलीच्या कागदावर सही देऊन त्याला मोकळं केलं, दुसरीकडे जा म्हणून. पण मध्येच सोडलेल्या मुलाला दुसरा सीए सहज घेतो का? पहिला प्रश्न हाच की तिथून का काढलं. अकोल्यात त्याला जागा मिळेपर्यंत बरेच महिने गेले, आणि ते महिने भरून निघेपर्यंत शेवटच्या परीक्षेची वेळ गेली. आम्ही दोघं एकत्र बसणार होतो. मी एकटी बसले.

आता ऐका, यापुढचं सांगताना मला जास्त लाज वाटते. ऑडिट आणि नीतिमत्तेच्या पेपरात एक प्रश्न आला: मालकाच्या शब्दावर साठा खरा धरून सही करणारा ऑडिटर दोषी आहे का? मी भराभरा लिहिलं. पेन थांबलं नाही. पाहिल्याशिवाय सही नाही आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं — विनोदचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. तेव्हा लाज वाटली का? नाही. उलट उत्तर छान जमलं याचा आनंद झाला. सगळ्या पेपरांत मला त्याच पेपरात जास्त गुण पडले.

मग सीएंच्या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज. त्यात विचारतात की तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, कुठला गुन्हा दाखल आहे का. मी ‘नाही’ लिहिलं आणि ते अगदी खरं होतं. किन्हीराजाच्या शाळेत माझा सत्कार झाला. मी सगळ्यांचे आभार मानले — आईबाबा, सर, काकू, एसटीतल्या बाई, अगदी रोज सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारा कंडक्टरसुद्धा. लोक हसले. ज्यानं मला ऑडिट शिकवलं त्याचं नाव मी घेतलं नाही. आभार मानायला जावं तर ती थप्पी आडवी येते. तेव्हापासून कुणाचेही आभार मानताना मला आपण काहीतरी चोरतोय असं वाटतं.

विनोदही सीए झाला. उशिरा, पण झाला. एकदा अकोल्याला एका चर्चासत्रात समोरच आला. मी तोंड कुठे लपवू असं झालं. तो मात्र सरळ माझ्याकडे आला, घरच्यांची विचारपूस केली आणि मग शांतपणे म्हणाला, “आता वरतं चढतं ना?”

“चढते,” मी म्हटलं.

“बस मंग,” तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला. मी तो चहा प्यायले. माफी मागितली नाही. हॉलमध्ये गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं.

खरंच चढते. साडी असो, ड्रेस असो, माझ्याकडच्या मुलांनाही चढायला लावते. त्याबद्दल मी त्याचे रोज उपकार मानते, आणि ते मनातच मानते.

आज सरांचा फोन आला. गुडघे दुखतात, आता एकट्यानं ऑफिस होत नाही, भागीदार हवा आहे. विनोदनं त्यांना विचारलंय. त्याची आई आता ऊसतोडीला जात नाही, तांड्यावर एकटीच असते, त्याला घराजवळ यायचं आहे. “पोरगा हुशार हाय,” सर म्हणाले, “पन तुले तं मागचं माहीत हाय. तूच सांग, घेऊ का नोको?”

आणि तेवढ्यात, आजच्या घडीलाही, एक विचार येऊन गेला — ‘तुम्ही बघा सर’ म्हणून फोन ठेवला तर? एवढ्यानं त्याचं काम फसलं असतं, आणि मी वाईट काहीच बोलले नसते. मी म्हटलं, उद्या कारंज्याला येऊन सांगते.

इतकी वर्षं मी मनाला समजावत आले की तेव्हा घाबरले, तोंडातून चुकून निघालं. चुकून नाही. सरांनी विचारलं आणि उत्तर देण्याआधी मी हिशेब केला होता. माझ्या बाबांना सर वीस-पंचवीस वर्षं ओळखत होते, आमच्या घरी हुरड्याला यायचे. विनोदच्या बापाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तो त्या वेळी कुठल्यातरी फडावर होता.

उद्या जाऊन सांगायचं आहे ते हे. मागच्या शेडात मी होते. मी वर चढले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले आणि विनोद खरं बोलत होता. आणि सर, आमच्या दोघांपैकी तुम्ही कुणाचं खरं मानाल, हे मला तोंड उघडण्याआधीच माहीत होतं.