किसननानांची पिकअप आणि त्यांच्या दारातला डबा

नानांच्या शेजारच्या पोपटचा फोन आला तेव्हा मी पहिल्या खेपेचे डबे भरत होते. "बाई, नाना दार उघडंनात. आतून आवाजबी न्हाई…" पुढचं त्यानं सांगायची गरज उरली नाही. मिरजगावच्या वस्तीवरचे किसननाना झोपेतच गेले होते. आता काही आठवडे उलटले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की दुःखाच्या आधी लाजच वर येते.

आम्ही काही निवृत्त मंडळी मिरजगावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवतो. सुरुवातीला डबे मोटरसायकलवरून जायचे. आमटी सांडायची, लांबच्या वस्त्या राहून जायच्या. हे कुठूनसं नानांच्या कानावर गेलं. आयुष्यभर त्यांनी आपल्या पिकअपमधून कांदा आणि लिंबं नगरच्या मार्केटला वाहिली होती. पण शुगरनं डोळे गेले आणि गाडी दारात उभी राहिली. एक दिवस शेजारच्या पोपटला चालवायला बसवून ते स्वतः आमच्या डब्यांच्या केंद्रावर आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "गिऱ्हाईक भंगाराच्या भावानं मागतंय, बाई. भंगारात जायची गाडी न्हाई ही. लई पळंल अजून. तिनं मला पोसलं, आता धा मान्सं पोसू द्या." आम्ही शाल-नारळ दिला, मागच्या फाळक्यावर 'किसननाना यांजकडून सप्रेम भेट' असं रंगवून घेतलं. नाना त्या ओल्या रंगावरूनच बोट फिरवायला निघाले, पोपटनं हात धरला, आणि सगळे हसलो. पोपटलाच आम्ही गाडीवर ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षी नानांची बायको गेली. मुलगी माया नाशिकला असते. ती न्यायला आली, पण हे गेले नाहीत. चूल पेटवायला जात आणि हात भाजून घेत. पाण्यात बिस्किटं भिजवून जेवण भागवताना पोपटनं त्यांना पाहिलं आणि मला सांगितलं. मी विचारायच्या फंदात न पडता एक डबा वाढवला.

पहिल्या दिवशी नाना म्हणाले, "चुकून उतरवला का काय?" दुसऱ्या दिवसापासून दार बंद. डबा पायरीवर तसाच राहायचा, नाहीतर कुत्री पांगवायची. शेवटी मी स्वतः गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"बाई, आदी गाडीवरचं नाव पुसा. लोकं नाव वाचत्यात, मंग डबा कुटं उतरतोय त्ये बगत्यात."

"पुसते. पण तुम्ही जेवा, नाना."

नाना भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माजी आई तुमच्या सासरच्या परसात भाकरीला हुबी ऱ्हायची. उरल्यालं वरनं पदरात टाकायचे. मी संगं असायचो. गाडी घेतली त्या दिवशी आईला म्हनलं, आता कुनाच्या घरची भाकर आपल्या दारात येनार न्हाई… आन आली ती माज्याच गाडीतनं आली."

ते परस मला माहीत आहे. तिथल्याच पायरीवर बसून मी लग्नानंतर सासूबाईंकडून पापड लाटायला शिकले. दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारी बाई, असं त्यांचं अख्ख्या गावात नाव होतं, आणि ते मीही अभिमानानं सांगत आले होते. भाकरी वरून टाकणारा हात त्यांचाच असणार, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी खाली बघत राहिले. नानांना माझा चेहरा दिसत नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं… आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

माफी मागणं फार स्वस्तातलं झालं असतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "नाना, मला चहा द्याल?"

ते वळले. "माज्या हातचा?"

"तुमच्या हातचा."

चाचपडत त्यांनी स्टोव्ह पेटवला. मी मदतीला उठले नाही. चहा घशाला चिकटेल इतका गोड झाला होता. मी सगळा प्यायले. मग नानांनी डबा पुढे ओढला.

गाडीवरचं नाव आम्ही पुसलं. त्यानंतर पोपटबरोबर मीही रोज जाऊ लागले. आधी त्यांच्याकडे चहा, मग त्यांच्यासमोर डबा, असा रिवाजच पडला. त्या परसाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यांची लाज मात्र गेली असं म्हणवत नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते दाराबाहेर येत नसत. आणि मायाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती.

ती नाशिकहून पोचली ती थेट मातीलाच. डब्याचं तिला शेजारणीच्या तोंडून कळलं. "माझे बाबा डबा खायचे? मला का नाही सांगितलं, बाई?" मी शपथेचं सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. "मी रोज फोनवर विचारायचे, काय केलं आज? ते भाज्यांची नावं सांगायचे…" तिचीही मान वर होईना.

थोड्या वेळानं ती आत गेली आणि झाकलेलं पातेलं घेऊन बाहेर आली. आदल्या दिवशीचं तापवलेलं दूध होतं.

"बाबांना दूध कधीच चाललं नाही. कोराच चहा प्यायचे. मग हे कुणासाठी?"

शेजारीण म्हणाली, "रोज सकाळी काठी टेकीत हायवे वलांडून डेरीवर जायाचे की. ट्रकवाले शिव्या द्यायचे. आमी आनतो म्हनलं, तर आयकायचे न्हाईत."

मला कप असायचा, नाना स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. त्यांच्या पेल्यात काय आहे, हे इतक्या दिवसांत मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

मायानं त्याच दुधाचा चहा ठेवला आणि कप माझ्या हातात दिला. देताना ती खालीच बघत होती. घेताना मीही.