नव्या फोनने उचललेला मिस्ड कॉल

सोमवारी सकाळी आमच्या डायलिसिस सेंटरचा नवा फोन सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी त्याने मला घाम फोडला...

मी रत्नागिरीत एका ट्रस्टच्या छोट्या सेंटरमध्ये रिसेप्शनला बसते. आमचे किडनीचे डॉक्टर असतात मुंबईला. पेशंटच्या घरचा कुणी लँडलाइनवर, डॉक्टर माझ्या मोबाइलवर, आणि मध्ये दोन्ही कानांना फोन लावून मी दुभाषी... इतकी वर्षं हेच चाललं होतं.

म्हणून यंदा ट्रस्टने सॉफ्टवेअर घेतलं. जुना इंटरकॉम आणि सगळे सेट मात्र तसेच ठेवले, कारण अनघा सिस्टरना बटणांचाच फोन हवा होता आणि सिस्टरांपुढे कुणाचं चालत नाही. मिरजोळ्याहून संकेत नावाचा इंजिनिअर आला, त्याने जुन्या एक्स्चेंजला एक डबी जोडली, आणि सेंटरला आलेला फोन मी थेट डॉक्टरांच्या लॅपटॉपवर पाठवू लागले. शिवाय फोन लावताच एक गोड आवाज... "आपलं स्वागत आहे." मी माझ्या मोबाइलवरून दोनदा लावून ऐकला. नव्याचं कौतुक, दुसरं काय!

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. लांबून येणारे पेशंट एस.टी.त चढले की सेंटरला मिस्ड कॉल देतात. आतल्या गावांत रेंज इतकी तुटकी की बोलणं काही होत नाही, पण रिंग जाते. नंबर दिसला की समजायचं, निघाले... मशीन धरून ठेवायचं. नाही दिसला तर थोडी वाट बघून दुसऱ्या पेशंटला बोलवायचं.

त्या दिवशी पहिली पाळी शांतारामकाकांची. लांज्याच्या आतल्या गावातून ते आणि सुमतीकाकी येतात, आणि मिस्ड कॉल द्यायचं काम काकींचं. सोमवारी तो आलाच नाही. मी उलट लावला तर फोन रेंजच्या बाहेर.

शेवटी सिस्टरनी इथल्याच मिरकरवाड्याच्या रफिकभाईंना बोलावलं. त्यांची पाळी दुपारची, पण संध्याकाळी हर्णेला त्यांच्या भाचीची मंगनी होती, म्हणून सकाळी जमलं तर बघा असं ते आठवडाभर विनवत होते. नवा शर्ट घालूनच आले. बेडवर आडवे झाले, सिस्टरनी सुईचं पाकीट हातात घेतलं... आणि दारात काका-काकी उभे.

मध्ये रविवार गेलेला, म्हणजे नेहमीपेक्षा एक दिवस जास्त डायलिसिसविना. काकांचे पाय सुजून टम्म, चार पावलं टाकली तरी धाप. बाकीची मशीन केव्हाच चालू झाली होती आणि ती मध्येच थांबवता येत नाहीत.

फोन का नाही केलात, असं मी विचारलं तर काकी अगदी शांतपणे म्हणाल्या, "केला की. तुमच्या बाईने लगेच उचललान. स्वागत आहे म्हणाली, मग मी ठेवला."

घ्या... काकींना वाटलं निरोप पोचला. सॉफ्टवेअरच्या लेखी कॉल व्यवस्थित घेतला गेला. आणि माझ्या टेबलावरचा सेट बिचारा वाजलाच नाही. सगळ्यांचं बरोबर, फक्त काकांना मशीन नाही!

सिस्टर माझ्याकडे बघतायत, मी सिस्टरांकडे. आडव्या झालेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं? तेवढ्यात रफिकभाईच उठून बसले. त्यांनी एकदा काकांच्या पायांकडे बघितलं आणि वर दुमडलेली बाही खाली घेतली. "सिस्टर, काकांना घ्या. माझं दुपारी करा."

मंगनीचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, भाची काय, लग्नात दिसेलच की.

संकेतला फोन केला, तो लगेच धावत आला. आता फोन आधी माझ्या जुन्या सेटवर वाजतो, आणि मी नाहीच उचलला तर मग ती स्वागतवाली बाई बोलते. मिस्ड कॉल ही गोष्ट आपल्या डोक्यातच आली नाही ताई, असं म्हणत त्याने कान पकडले. माझ्या तरी कुठे आली होती...

संध्याकाळ होत आली तरी रफिकभाई मशीनवरच होते, तेव्हा हर्णेहून मंगनीचा व्हिडिओ कॉल आला. एका हाताला सुया टोचलेल्या, आणि फोन धरून धरून दुसरा हात भरून आला. सुमतीकाकी बाकावरून उठल्या आणि त्यांच्या हातातून फोन घेऊन तो नीट समोर धरून उभ्या राहिल्या.

काका बाजूच्या बाकावर झोपले होते. तुमच्या गाडीची वेळ होत आली, असं मी काकींना सांगितलं. त्यांनी फोन हलू दिला नाही. "या भावाने मशीन सोडलंन. मी एक गाडी सोडली तर काय बिघडलं?"

अंगठी घालून झाली. मग काकींनी फोन क्षणभर माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडून, कधी न भेटलेल्या त्या मुलीची दृष्ट काढली. पलीकडे मुलगी हसत होती. अलीकडे रफिकभाई रडत होते.

संकेतचे आणि सिस्टरांचे आभार मी तिथल्या तिथे मानले. रफिकभाई, तुमचे मानायला आले तेव्हा मलाच रडू फुटलं आणि शब्द काही निघेना... म्हणून आज इथे सगळ्यांसमोर मानते.