फुलावर आलेली फांदी

पुंडलिकनगरच्या आमच्या घरासमोर आईनं कोय पुरून वाढवलेला आंबा होता. त्याच्या अंगणाकडच्या जाड फांदीवर तिनंच एक रानातलं ऑर्किड बांधलं होतं. खुलताबादजवळ मामाच्या शेतात एक जुनं झाड पाडलं, तेव्हा त्यावरून उतरवून आणलेलं. बांधायला स्वतःच्या जुन्या सुती साडीची पट्टी वापरली होती. पुढं ती पट्टी कुजून गेली, मुळांनी साल घट्ट धरली, आणि मग आईही गेली. बाबा त्याच फांदीखाली खुर्ची टाकून सकाळचा पेपर वाचायचे.

आईच्या वर्षश्राद्धानंतरच्या उन्हाळ्यात त्या फांदीला पालवी फुटली नाही. ऑर्किड मात्र असं फुललं की गल्लीतले लोक थांबून फोटो काढायला लागले. पिवळट-तपकिरी चौकड्यांच्या पाकळ्या, मध्ये जांभळी जीभ, आणि उन्हं चढेपर्यंत गोडसर वास. येईल त्याला बाबा सांगायचे, "हिच्या आईचं झाड हाय. बघा कसं बहरलंय."

मला ती फुलं बघवत नव्हती. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, आणि रोज खिडकीतून मला ती फांदी दिसायची. ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे. ते झाडाचं काही खात नाही, फक्त बसायला जागा घेतं. पाणी पावसातून आणि हवेतून घेतं, त्यासाठीच त्याची मुळं तशी जाड आणि पांढरी असतात. खालचं लाकूड जिवंत आहे की मेलेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पानं झडून ऊन मिळालं, की उलट जास्त फुलतं. बाबा ज्याला बहर म्हणत होते, त्याची मला भीती वाटत होती.

"बाबा, ती फांदी वाळलीय. तुमच्या डोक्यावर आहे. उतरवून घेऊ."

"फुलावरच्या झाडाला कुऱ्हाड लावत नसत्यात," बाबा म्हणाले. शेतकऱ्याच्या घरातला माणूस. त्यांच्याकडं मोहर आलेल्या आंब्याला, फुलावर आलेल्या चिंचेला कधी कुणी हात लावला नाही. "फुलं गळू दे. मग बघू."

मीही मूर्खासारखी हो म्हणाले. ऑर्किडची फुलं काय मोगऱ्यासारखी संध्याकाळी मान टाकतात? आठवडेच्या आठवडे टिकतात. एक दांडा सुकायच्या आत दुसरा वर आला, आणि पाऊस सुरू झाला तरी बाबांच्या हिशेबी झाड फुलावरच होतं.

मग खुर्चीखाली भुसा दिसायला लागला. पिवळसर, बारीक, रोज सकाळी चिमूटभर. मी वाकून बघितलं आणि हातातला झाडू तसाच राहिला. आंब्यात भिरूड शिरली, की ही अळी आतल्या आत लाकूड पोखरत जाते आणि बाहेर फक्त एवढाच भुसा येतो.

पण बाबांना त्याचा आनंद झाला होता. मागे एकदा मीच त्यांना ऑर्किडची वाळलेली शेंग फोडून दाखवली होती. यातली बी पिठासारखी असते, वाऱ्यावर उडते, आणि योग्य बुरशी भेटली तरच कुठंतरी रुजते, हे कौतुकानं सांगितलं होतं. ते त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं. "बिया पडत्यात," म्हणाले. कागदाच्या पुडीत तो भुसा गोळा करायचे आणि समोरच्या कडुनिंबाच्या सालीवर बोटानं चोळून यायचे.

"बाबा, ते लाकूड आहे. फांदी आतून पोखरलीय."

"तूच सांगितलं व्हतं की, बी पिठासारखी असते म्हणून."

मी चिडून खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवायची, ते ती परत फांदीखाली नेऊन ठेवायचे. बापलेकीत दिवसाला एक तरी खटका ठरलेला.

त्याच दिवसांत माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. स्टेजवर जांभळ्या ऑर्किडची भिंतच उभी केली होती. डेकोरेटर सांगत होता, ऑर्किड म्हणजे श्रीमंती, रॉयल लूक, चार दिवस कोमेजत नाहीत. बाबांनी एक फूल नाकाशी नेलं, मग बोटांत फिरवून बघितलं.

"वास नाय," ते मला हळूच म्हणाले. "देठ तोडून किती येळ झाला असंल, तरी ह्याला पत्ता नाय. मेल्यावरबी ताजंच दिसतंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. एवढं कळतंय, मग घरचं का कळत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पाहुण्यांसमोर गिळलं.

पुढच्याच आठवड्यात, वाऱ्याचं नाव नसलेल्या एका दुपारी, मला वरच्या मजल्यावर काहीतरी कडाडून मोडल्याचा आवाज ऐकू आला. मी जिना कसा उतरले आठवत नाही. फांदी अंगणात आडवी पडली होती आणि तिच्याखाली खुर्चीचे तुकडे झाले होते. मी बाबांना हाका मारत होते आणि खाली वाकून बघायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात ते ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळून मोरीतून बाहेर आले. मी पायरीवर बसले आणि रडले.

बाबा फांदीजवळ उकिडवे बसले. मोडलेल्या जागी लाकूड नव्हतंच, नुसती पोकळी आणि भुसा. त्यांनी तो चिमटीत धरला, वास घेतला, बराच वेळ चोळत राहिले. ऑर्किड वरच्या बाजूला होतं. त्याची एक पाकळीही पडली नव्हती.

"मग फुलं कुणाची व्हती?" त्यांनी विचारलं.

फुलं त्या फांदीची नाहीत, तेवढं एकच त्यांना कळावं म्हणून मी किती भांडले होते. "आईनंच लावलेली ना," एवढंच म्हणाले. ते उठून आत गेले.

झाडाचा बुंधाही पोकळ निघाला, तो नंतर कापून नेला. ऑर्किड मी गेटच्या जाळीला तारेनं बांधलं. आता त्याला झाडही नाही, तरी यंदा दोन दांडे आले. बाबा व्हरांड्यात दुसरी खुर्ची टाकून त्याच्याकडं पाठ करून बसतात. जेवण कमी झालंय, डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. गल्लीतले लोक मात्र म्हणतात, काका बारीक झाले, चेहऱ्यावर काय तेज आलंय.

रोज सकाळी झाडू मारताना मी त्यांच्या खुर्चीखालची फरशी आधी वाकून बघते, भुसा तर नाही ना.