आधी ‘धर’, मग ‘सोड’

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. बाबांची कंबर धरली आणि मी शाळा सोडली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि भारी शब्द मला येतच नाहीत. सुमतीबाई म्हणाल्या, "मधू, जसं बोलतोस तसं लिही." मी बोलतच नाही, हे त्या विसरल्या.

पण न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. वॅगनीत केळीचे घड साठतात तसे. एक आत लावला की वाटतं झालं, तर मागं अजून भरलेली बैलगाडी उभीच. हे किस्से माझी बहीण कमल, तिच्याबरोबर पळणाऱ्या पोरी आणि त्यांच्या ड्रिलच्या बाई सुमतीबाई यांचे आहेत. आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही.

आम्ही बुऱ्हाणपूर स्टेशनावर केळी भरतो. बैलगाडीपासून वॅगनीच्या आतपर्यंत माणसांची ओळ लागते आणि घड हातोहात जातो. देणारा म्हणतो, "धर." घेणाऱ्यानं नीट पकडला की तो म्हणतो, "सोड." ते ऐकल्याशिवाय देणाऱ्यानं हात काढायचा नाही. काढला तर घड खाली, आणि आपटलेलं केळं दिल्लीला पोचेपर्यंत काळं पडतं.

कमल लहानपणी बाबांची भाकरी घेऊन यायची आणि ओळीत जागा रिकामी दिसली की उभी राहायची. घरीही तीच सवय. माय तिच्या हातात ताट द्यायची, तर ही मायला म्हणायची, "सोड." पाव्हण्यांसमोर माय नुसती डोळे वटारायची.

*

ती वर्षं जोडाजोडीची होती. संस्थानं देशात मिळाली होती, शाळेतले नकाशे नव्यानं रंगवले जात होते. सुमतीबाई तेव्हा नव्यानंच मुलींच्या शाळेत आल्या. त्यांनी ठरवलं, आपणही चार पोरी जोडायच्या. रिले म्हणजे चौघींची एक शर्यत. पहिली पळत येऊन दुसरीच्या हातात दांडी देते, दुसरी तिसरीच्या, तिसरी चौथीच्या. दांडी हातातून पडली की संपलं.

पहिल्या पहिल्या दिवसांत दांडी इतकी पडायची की बाई म्हणाल्या, "अगं, ही शर्यत आहे का विटीदांडू?"

मग कमलनं तिची सवय चालवली. पळत आली की "धर", आणि पुढचीनं "सोड" म्हटल्याशिवाय दांडी सोडायची नाही. बाईंना वाटलं, बोलण्यात वेळ जाईल. पण दांडी पडायची थांबली. चौघींनाही तेच वळण लागलं.

इतकं लागलं, की खंडव्याच्या शर्यतीत पहिल्या आल्या तेव्हा एक मोठे साहेब कप द्यायला उभे राहिले. त्यांनी कप चौघींतल्या शकूच्या हातात दिला आणि फोटोसाठी तसाच धरून ठेवला. शकू साहेबांना म्हणाली, "सोड."

साहेबांनी सोडला.

*

शकू चांदनी गावची. पॅसेंजरनं यायची. गाडीला उशीर झाला की एक पोरगी कमी.

मी रोज मैदानावर असायचो, कारण मायची अटच होती, भाऊ सोबत असेल तरच पोरगी पळेल. मी काम आटोपून निंबाच्या झाडाखाली मान खाली घालून बसायचो. एक दिवस बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मधू, ऊठ. शकूच्या जागी उभा राहा."

"बाई, मी?"

"नाही, निंब. ऊठ लवकर."

उभा राहिलो. मला दांडी देणार होती सुशीला. तिच्याशी मी जन्मात एक शब्द बोललेलो नव्हतो. ती वाऱ्यासारखी आली, "धर" म्हणाली, मी दांडी पकडली आणि पळायला लागलो. पण परक्या पोरीला "सोड" कसं म्हणायचं? माझ्या तोंडातून काही निघेना. ती काही सोडेना. तीही माझ्या मागं पळते आहे, मीही पळतो आहे, मध्ये एक दांडी.

आम्ही अख्ख्या मैदानाला वळसा घातला. कठड्यावर शनवारा भागातले दोन म्हातारे बसले होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "पंडित कुठं दिसत नाही, पण फेरे तर चालू झाले यार."

त्यानंतर कितीतरी दिवस मी मागच्या गल्लीनं घरी जात होतो.

*

निवडीच्या शर्यती नागपूरला होत्या. बाई पोरींना घेऊन गेल्या. केळीचा हंगाम होता म्हणून मी नव्हतो, आणि बाई सोबत आहेत म्हणून मायनं त्या वेळी अट सैल केली होती. तिथं कमलची निवड झाली. परदेशच्या पोरी दिल्लीत पळायला येणार होत्या आणि त्यांच्यासमोर आपल्या देशाच्या चौघींत ही पळणार होती. बाईंनी शाळेत तार केली. शाळेचे शिपाई रामभाऊ आनंदानं धावतच आमच्या दारात आले.

"माय, तुमची कमल पळाली."

माय तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कोणाबरोबर?"

"आणखी तिघींबरोबर."

"आणि बाई काय करत होत्या?"

"बाईंनीच तर पळवलं."

मायचा चेहरा पाहून रामभाऊंनी तिला धीर दिला. "घाबरू नका. आता थेट दिल्लीला जाणार आहे."

माय त्यांना सूप फेकून मारणार तेवढ्यात मी घरी पोचलो. तार मी वाचून दाखवली. माय जराशानं हसली. मग पदरानं डोळे पुसत रामभाऊंना म्हणाली, "चहा घ्या. आणि पुढं कोणाच्या दारात असं बोलू नका."

*

दिल्लीला जाताना गोष्ट दोन्ही बाजूंनी पक्की झाली होती. तुकईथडचं एक स्थळ तयार होतं. शेती चांगली, केळी आणि कापूस दोन्ही, माणसं चांगली. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच कमलची अडचण होती. दुसरीकडे बाईंनी खटपट केली होती. कमल दिल्लीत देशासाठी पळली, तर ड्रिलच्या बाई होण्याचं शिक्षण देणारं कॉलेज तिला घेणार होतं. राहणं-जेवणही तिथंच.

माय म्हणाली, "पळलीस तर कॉलेज. नाही पळलीस तर तुकईथड. मग माझ्याशी भांडायचं नाही." मला म्हणाली, "आणि तू सोबत जा."

दिल्लीत चौघींच्या चार भाषा. तिथल्या कोचसाहेबांनी पहिल्या दिवशी भाषण केलं, की आता सगळे प्रांत, सगळी संस्थानं एक झाली, तुम्हीही एक व्हा. पोरींनी माना हलवल्या. मग सराव सुरू झाला.

कमल तिसरी होती. तिनं दांडी द्यायची मीनाक्षीला. मीनाक्षी मद्रासकडची, चौघींत सगळ्यात वेगवान, हिंदी तिला अजिबात येत नव्हती. कमल आली, "धर" म्हणाली, मीनाक्षीनं दांडी पकडली आणि उधळली. पण "सोड" कोण म्हणणार? कमलचा हात उघडेना. मीनाक्षीला मागून असा हिसका बसला की ती फिरून कमलकडे तोंड करून उभी राहिली. एक दांडी, दोघी, आणि देश काही पुढं सरकेना.

असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. कोचसाहेब म्हणाले, "कल फिर अटकी, तो तुम बैठोगी. वो दूसरी लड़की दौड़ेगी."

कमल तारेच्या कुंपणापाशी माझ्याकडे आली. रडली नाही. आपल्या हाताकडे बघत म्हणाली, "दादा, मी सांगते त्याला. पण हात ऐकत नाही."

आम्ही दोघं तारेच्या दोन बाजूंना गप्प उभे. आमच्या घरात संकटाच्या वेळी बहुतेक असंच करतात.

*

मीनाक्षीच आली. तिनं बरोबर ओळखलं होतं की ही पोरगी कशाची तरी वाट बघते. तिनं कमलचा हात धरला, दांडी तिच्या हातात दिली, तोंडाकडे बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या. म्हणजे, काय म्हणू?

कमलनं माझ्याकडे बोट केलं. "दादा, तू सांग ना. मी सांगितलं तर हसू येतं."

परक्या पोरीशी बोलायचं, तेही इतक्या लांबच्या. पण त्या वेळी कमलचं कॉलेज माझ्या जिभेवर होतं. मी मीनाक्षीच्या बुटांकडे बघत म्हणालो, "सोड."

"सोडा?"

"सोड."

"सोडा," ती खुशीनं म्हणाली.

माझ्या मागून आवाज आला, "कितने?" कुंपणाबाहेर गोळीसोड्याचा गाडा उभा होता. सोडेवाल्यानं तीन बाटल्या फोडल्यासुद्धा. आता फोडल्याच तर आम्ही पिऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कमल पळत आली, "धर" म्हणाली. मीनाक्षी "सोडा" म्हणाली. कमलचा हात उघडला. कोचसाहेबांनी आपल्या सोबतच्या माणसाला विचारलं, "ये लड़की हर बार सोडा क्यों माँगती है?" तो म्हणाला, "साहब, गरमी है."

सोडेवाला मात्र तेव्हापासून रोज गाडा तिथंच लावायला लागला.

*

शर्यतीच्या दिवशी मी वळणाजवळ बसलो होतो, जिथं कमल मीनाक्षीला दांडी देणार होती. शेजारी सोडेवाला. त्यानं गाडा भावाकडे सोपवला होता आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आपल्या पोरी सुटल्या तेव्हा लोकांनी असा आवाज केला की मला माझा श्वास ऐकू येईना. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मला ऐकू येत नाही तर कमलला कसं येणार?

कमल वळणावरून आली. मान मागं, दात आवळलेले, वॅगनीला उशीर झाल्यावर बाबा जसे दिसायचे अगदी तशी. तिचं तोंड उघडलं, ते "धर" होतं. मीनाक्षीचा हात मागं आला. दांडी तिच्या हातात गेली. दोघी दांडीसकट धावत होत्या. शेजारच्या पोरी पुढं निघाल्या. मी तोंड उघडलं, पण माझ्यातून काही निघालं नाही, सवयच नव्हती.

मीनाक्षीनं न बघताच मान जरा वळवली आणि तिचे ओठ गोल झाले.

कमलची बोटं उघडली.

आपल्या पोरी तिसऱ्या आल्या. पहिले दोन संघ फारच चांगले होते, त्यात रडण्यासारखं काही नाही. मी कमलला नंतर विचारलं, "एवढ्या आवाजात तुला ऐकू आलं?" ती म्हणाली, "तुला नाही आलं?"

माझ्या शेजारी सोडेवाला बाकावर चढून सगळ्यांना सांगत होता, "देखा आपने? पूरी दुनिया के सामने क्या माँगा?"

मीनाक्षीचे आभार मानायचे राहिले. ती समोर आली तेव्हा मी पुन्हा तिच्या बुटांकडेच पाहत होतो. ती हसून गेली. ती हे वाचणार नाही, पण इथं लिहून ठेवतो, की आमच्या घरावर तिचे उपकार आहेत.

*

घरी आल्यावर मायनं शब्द पाळला. तुकईथडला तिनं निरोप पाठवला, "पोरगी पळाली." मग स्वतःशीच हसली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. निरोप रामभाऊंच्या हाती मात्र दिला नाही.

कमल कॉलेजला निघाली तेव्हा स्टेशनावर सगळे होते. बाबा कंबरेला पट्टा बांधून आले होते. बाई होत्या, शकू चांदनीहून आली होती, सुशीला होती. आमच्या ओळीतले सगळ्यात जुने नारायणकाका दोन वॅगनी भरायच्या सोडून आले होते. माय घरूनच लाडवांचा डबा पोटाशी धरून आली होती आणि तो कोणाकडे देत नव्हती. गाडी आली तेव्हा तिनं तो माझ्याकडे दिला.

कमल गाडीच्या दारात उभी राहिली. शिटी झाली. मी लाडवांचा डबा वर केला आणि म्हणालो, "धर."

तिनं धरला. नीट धरला, दोन्ही हातांनी.

मी वाट बघत होतो. ती माझ्याकडे बघत होती. गाडी हलली. मी चालायला लागलो. तिचं तोंड मिटलेलंच. मागून नारायणकाका ओरडले, "अरे मध्या, सोड की." पण सोड म्हणायचं असतं घेणाऱ्यानं. मी पळायला लागलो. हमाल बाजूला झाले, चहावाल्यानं किटली उचलून धरली. एवढं जोरात मी कधी पळालो नव्हतो, आणि एवढ्या लोकांसमोर तर नाहीच. फलाट संपत आला.

"सोड, दादा," ती म्हणाली.

मी परत आलो तेव्हा धाप लागली होती. बाईंनी सवयीनं हातातलं घड्याळ पाहिलं होतं. "मधू," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तू बरा पळतोस रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला स्टेशनावर गेलो. बैलगाड्या लागल्या होत्या. ओळीत उभा राहिलो. पहिला घड आला, नारायणकाका म्हणाले, "धर." मी धरला. तो तसाच आमच्या दोघांच्या हातात राहिला. काकांनी घाई केली नाही. मागची सगळी ओळही थांबून राहिली.

मग मी म्हणालो.